सिरिंज पंप घ्यायचाय? आधी तो नाइटच्या सिस्टरच्या हातात द्या

एक काम करा, आत्ता तुमच्या आयसीयूत जा आणि जुन्या मशीनवर काय काय चिकटवलंय ते वाचून या. आमच्याकडे एका सिरिंज पंपावर (सिरिंज हळूहळू ढकलून औषध ठरलेल्या वेगानं, म्हणजे रेटनं, देणारं मशीन) ल्युकोप्लास्टची पट्टी होती, त्यावर मार्करनं लिहिलेलं, "आधी सिरिंज कंपनी बघा, मगच स्टार्ट". दुसऱ्यावर नुसता एक बाण, कारण ऑन-ऑफचं बटण मागच्या अंगाला आणि नवीन पोरींना ते सापडतच नाही. तिसऱ्याचा क्लॅम्प गॉजनं करकचून बांधलेला. मी बायोमेडिकल इंजिनिअर, साठ-सत्तर बेडचं हॉस्पिटल, अकरा वर्षं झाली या कामात, आणि सुरुवातीची काही वर्षं मला हे सगळं गचाळ वाटायचं, राउंडला निघालो की पट्ट्या ओरबाडायचो आणि वर स्पिरिटनं पुसून घ्यायचो. शेवटी एकदा इनचार्ज सिस्टर वैतागून म्हणाल्या, "सर, काढा खुशाल, पण काढायच्या आधी वाचा तरी, काय लिहिलंय ते."

वाचायला लागलो तेव्हा कळलं की मशीन नेमकं कुठे अडतंय त्याची यादी फुकटात भिंतीशी उभी आहे. तर पहिली पायरी हीच. नवीन मशीनचं ब्रोशर उघडायच्या आधी जुन्यावरच्या सगळ्या पट्ट्यांचे, बांधलेल्या दोऱ्यांचे, उशीखाली सरकवलेल्या अ‍ॅडॅप्टरचे मोबाईलवर फोटो काढा. नवीन पंपात यातलं काय सुटतंय हा तुमचा पहिला प्रश्न.

मी सगळं सिरिंज पंपाच्या उदाहरणानं सांगतोय, कारण त्यात मी सगळ्यात जास्त मार खाल्लाय. पण रीत तीच, मॉनिटर असो, सक्शन असो, डिफिब (हृदयाला शॉक द्यायचं मशीन) असो.

मार कसा खाल्ला तेही सांगतो. डेमो झाला कॉन्फरन्स रूममध्ये, एमएस सर (मेडिकल सुपरिंटेंडेंट), अकाउंट्सचे साहेब, मी, चहा-सामोसे, आणि कंपनीचा मुलगा टकाटक बटणं दाबतोय, दहा सेकंदात रेट सेट, वा वा, सहा पंप घेतले. तिसऱ्या की चौथ्या रात्री अडीच वाजता फोन, "सर, हा पंप रेट घेतच नाहीये, मी मघाशी वाढवला होता." गेलो. भानगड अशी की नवीन रेट टाकून ओके केलं की अजून एक स्क्रीन यायची, तिथे परत कन्फर्म दाबायचं, आणि नाही दाबलं तर थोड्या वेळानं पंप गपचूप जुन्या रेटवर जायचा. ना बीप ना मेसेज. डेमोवाल्या मुलाला मधेच शेजारच्या बेडवरनं कोणी हाक मारत नाही, त्यामुळे त्याचं कन्फर्म कधी राहिलं नाही आणि आम्हाला ते दिसलंही नाही. सिस्टरचं लक्ष बीपीवर होतं म्हणून निभावलं.

तेव्हापासून आमच्याकडे डेमो कंपनीचा माणूस करत नाही. तो मशीन ठेवतो, चलनावर सही घेतो आणि खाली कॅन्टीनला जातो. डेमो सिस्टर करतात आणि आम्ही बघतो.

कोणाला बोलवायचं

पाच जण पुरतात. पाच लोकांत ८५ टक्क्यांच्या आसपास अडचणी सापडतात असा एक आकडा यूजेबिलिटीवाले (वस्तू वापरायला किती सोपी ते तपासणारे) सांगतात, तो मूळचा सॉफ्टवेअरच्या टेस्टिंगमधनं आलेला, त्यामुळे अगदी घट्ट धरू नका, पण पाचनंतर तेच तेच दिसायला लागतं हे मी पाहिलंय. अमेरिकेची एफडीए (औषधं आणि उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) कंपन्यांना शेवटच्या टेस्टसाठी प्रत्येक प्रकारच्या वापरणाऱ्यांतले निदान १५ जण घ्या म्हणते, ते कंपनीनं करायचं, आपण ग्राहक.

पण पाच कोण हे महत्त्वाचं. एमएस सर म्हणतील "आपल्या त्या हुशार सिस्टरला बोलवा", तर तसं करू नका, हुशार माणूस वाईट मशीनही चालवून दाखवतो. मी असे घेतो: एक नवीन जॉइन झालेली, एक चाळिशी लागलेली जी चष्मा ड्रॉवरमध्ये विसरते, एक जिची उंची पाच फुटाच्या आत आहे, एक आरएमओ (हॉस्पिटलातला ड्यूटी डॉक्टर), आणि एक जी काल रात्री ड्यूटी करून आज परत नाइटला आलीय. आणि क्लीनिंगच्या मावशी, त्या वेगळ्या, त्यांचं पुढे सांगतो.

कुठे करायचं

आयसीयूतला रिकामा बेड. कॉन्फरन्स रूममध्ये काहीही चांगलंच दिसतं. बेडशेजारी सलाईन स्टँड, त्यावर तीन पंप एकावर एक लावा (एकच नवीन असेल तर बाकी दोन जुने), शेजारचा मॉनिटर चालू, एसी चालू, आणि निम्मी टेस्ट दिवे बारीक करून. पेशंटला लावून ट्रायल अजिबात नाही, हे परत परत सांगतो कारण लोक करतात. लाईनचं (औषधाच्या नळीचं) टोक मेजरिंग सिलिंडरमध्ये सोडा, सिरिंजमध्ये साधं पाणी, त्यात बिटाडीनचे दोन थेंब टाका म्हणजे कुठे गळालं तर लगेच दिसतं. औषधाच्या नावाचं लेबल मात्र खरं लावा, सिस्टरचा हात लेबल बघून चालतो.

रेटची अ‍ॅक्युरसी बघायची तर सोपं आहे, ५० एमएल पर अवरला अर्धा तास चालवा, २५ एमएल यायला पाहिजे, आणि सिलिंडरपेक्षा वजनकाटा बरा, पाणी असेल तर एक एमएल म्हणजे एक ग्रॅम. पण खरं सांगू का, अ‍ॅक्युरसीवर मी फार वेळ घालवत नाही. कंपन्या त्यात बऱ्यापैकी नीट असतात, घोळ होतो तो माणसाच्या बोटापासून स्क्रीनपर्यंतच्या वीतभर अंतरात.

एक अपवाद, सिरिंजचा ब्रँड. पंपाला आत किती औषध आहे ते दिसत नाही, तो फक्त प्लंजर (सिरिंजचा दट्ट्या) किती ढकलला ते मोजतो आणि सिरिंजच्या आतल्या व्यासावरनं एमएल काढतो. ५० एमएलच्या दोन कंपन्यांच्या सिरिंजचा व्यास सारखाच असेल असं नाही. म्हणजे लिस्टमध्ये चुकीचा ब्रँड निवडला तर स्क्रीनवर ५ आणि आत जाणार भलतंच. म्हणून तुमच्या स्टोअरमध्ये जी सिरिंज येते, डिस्पोव्हॅन असो की आणि कुठली, ती लिस्टमध्ये आहे का, आणि पंप दर वेळी ब्रँड विचारतो की शेवटचाच धरून चालतो, हे बघा.

नियम एकच: हात मागे, तोंड बंद

हे सगळ्यात अवघड आहे, मला अजून जमत नाही नीट. सिस्टर भलतंच बटण दाबायला लागली की आपल्या तोंडून आपोआप "नाही नाही, वरचं" निघतं, आणि निघालं की ती टेस्ट संपली. रात्री अडीचला तुम्ही तिथे असणार आहात का "वरचं" सांगायला? मी सरळ हात पाठीमागे बांधून भिंतीला टेकून उभा राहतो.

आणि सिस्टरला आधी नीट समजवा की परीक्षा मशीनची आहे. त्यांना ते पटत नाही लगेच, हॉस्पिटलात कोणी पॅड घेऊन शेजारी उभं राहिलं की त्या पहिलं विचारतात, "एनएबीएचवाले आलेत का?" (हॉस्पिटलचा दर्जा तपासून मान्यता देणारे). म्हणून मी नावं लिहीत नाही, सिस्टर १, सिस्टर २ असंच, आणि पॅड त्यांना दाखवतो. आणि हो, "करता करता मनात येईल ते मोठ्यानं बोला" असं सांगा. "हे काय आता... बॅक कुठंय... अगं बाई, गेलं सगळं", हे जसंच्या तसं लिहून घ्या, सुधारून नका लिहू.

ट्रेनिंग? रोजच्या ड्यूटीत जितकं मिळतं तितकंच, म्हणजे एका सिस्टरनं दुसरीला पाच मिनिटं दाखवलेलं. नव्या मुलीला तेवढंही देऊ नका.

काय काय करायला सांगायचं

"हे बटण दाबा" असं काम देऊ नका, ऑर्डर जशी येते तशी द्या. "सिस्टर, नॉरअ‍ॅड अडीच एमएलनं सुरू करा." बस. (नॉरअ‍ॅड म्हणजे बीपी वर धरून ठेवणारं औषध, अडीच म्हणजे ताशी.) मग घड्याळ लावा आणि बघा. आमच्याकडे एका ट्रायलला जे झालं ते सांगतो. सिस्टरनं सिरिंज बसवली, ग्लोव्हज होते हातात, किपॅडवर २ दाबलं, मग टिंब, मग ५. टिंबाची की खाली कोपऱ्यात, शून्याला चिकटून, आणि ती जरा कडक, ग्लोव्हजमधनं कळतच नाही दबली की नाही. बाकीच्या कीला टिक असा आवाज येत होता, हिला पण आला असेल असं तिनं धरलं. स्क्रीनवर आलं २५. तोवर तिची नजर पुढे लाईनकडे गेलेली, हवा आहे का बघायला. स्टार्ट दाबलं. पंप चालू झाला, हिरवा दिवा, एकदम खूश.

दहापट. आणि पंपानं एका शब्दानं विचारलं नाही.

तिच्या लक्षात आलं साधारण मिनिटाभरानं. तो मिनिटभर मी भिंतीला टेकून कसा उभा राहिलो ते मलाच माहीत.

म्हणून रेट टाकायची पद्धत नीट बघा. आकड्यांचा किपॅड फास्ट असतो म्हणून सगळ्यांना आवडतो, पण तेव्हा डोळे बोटांवर असतात. वर-खाली बाणाची बटणं असली की स्क्रीनकडे बघितल्याशिवाय गत्यंतर नाही, त्यामुळे चूक लवकर दिसते, ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये साधारण हेच दाखवलं होतं. बाणवाल्याचं दुखणं वेगळं, दाबून धरलं की आकडे धावत सुटतात. दोन्ही करून बघा. टिंबानंतरचा आकडा लहान अक्षरात आहे का, ५ ला ५.० तर दाखवत नाही ना (लांबून ते ५० वाटतं), आणि औषधाप्रमाणे वरची मर्यादा लावता येते का, ज्याला ड्रग लायब्ररी म्हणतात. कोटेशनमध्ये ती बऱ्याचदा "ऑप्शनल" म्हणून वेगळ्या किमतीला असते, आणि अकाउंट्स तिच्यावरच पहिली काट मारतात.

कॅनडात एडमंटनला २००६ मध्ये काय झालं ते या लोकांना मी सांगतो. फ्लुरोयुरॅसिल, कॅन्सरचं औषध, चार दिवसांत हळूहळू जायचं होतं. ताशी १.२ एमएल. लेबलवर २४ तासांचा आकडा पण छापलेला, २८.८ एमएल. हिशेबात २४ नं भागायचं राहिलं आणि पंपात ताशी २८.८ गेलं, दुसऱ्या नर्सनं चेक केलं तिच्याकडूनही तेच राहिलं, आणि लेबलवर २८.८ दिसतोच आहे म्हटल्यावर शंका कशाला येईल. चार दिवसांचं औषध चार तासांत संपलं. पेशंट तीन आठवड्यांनी गेली. दोघी अनुभवी होत्या. पंपाला तो आकडा विचित्र वाटायची काही सोयच नव्हती.

बाकीची कामं थोडक्यात. चालू पंपाचा रेट अडीचवरनं तीन पॉइंट दोन करा, आणि सिस्टर मधे असताना मुद्दाम हाक मारा, "सिस्टर, जरा इकडे या", अर्धवट सोडून गेल्यावर पंप काय करतो ते बघा (माझी जुनी जखम). सिरिंज संपत आलीय, बदला, यात घड्याळ लावाच, कारण नॉरअ‍ॅड अर्धा मिनिट थांबलं तरी काही पेशंटचं बीपी लगेच खाली येतं. प्लंजर क्लिपमध्ये नीट न अडकवता सुरू करायचा प्रयत्न करा, पंप ओरडला पाहिजे, नाहीतर पंप पेशंटच्या वर टांगलेला असताना औषध आपल्या वजनानंच खाली ओढलं जातं. प्लग खेचा, बॅटरीवर गेलोय हे सिस्टरला कशावरनं कळतं विचारा. आमच्याकडे लाईट जाते आणि जनरेटर यायला काही सेकंद लागतात, तेवढ्यात एक पंप रीस्टार्ट होऊन सेटिंग विसरला होता, तो आम्ही त्याच दिवशी परत पाठवला.

आणि थ्री-वे (लाईनवरची तीन तोंडांची तोटी) बंद करून ठेवा. लाईन ब्लॉक झाल्याचा अलार्म किती वेळानं येतो ते मोजा, ताशी १ एमएलसारख्या कमी रेटला अर्धा तास किंवा त्याहूनही जास्त लागू शकतो, सिरिंज किती मोठी आणि प्रेशर लिमिट किती ठेवलंय त्यावर आहे. पण जास्त महत्त्वाचं ते अलार्म आल्यावर सिस्टर काय करते. घाईत थ्री-वे पेशंटच्या बाजूला उघडला तर साठलेलं सगळं औषध एकदम आत जातं. काही पंप आपोआप प्लंजर मागे घेऊन ते प्रेशर कमी करतात. ज्यात ही सोय नाही त्याचे माझ्याकडे मार्क कमी.

अलार्म

आवाज चालू करा आणि पडद्यामागे, चार बेड सोडून उभ्या असलेल्या सिस्टरला विचारा, कुठल्या बेडचा आणि कुठलं मशीन. निम्म्या वेळा चुकीचं उत्तर येतं. लाल लुकलुकणारा म्हणजे तातडीचं, पिवळा लुकलुकणारा म्हणजे मध्यम, हे स्टँडर्डमध्येच आहे, ते दहा फुटांवरनं दिसतंय का आणि बाजूनं दिसतंय का बघा, कारण सिस्टर नेहमी समोर उभी नसते. म्यूट किती वेळ राहतो, म्यूट केलेलं आहे हे स्क्रीनवर दिसतं का, हे पण.

आणि मोजा, तासाभरात किती वेळा उगाच वाजला. अमेरिकेतल्या जॉइंट कमिशननं (हॉस्पिटलांना मान्यता देणारी संस्था) २०१३ मध्ये सांगितलं होतं की ८५ ते ९९ टक्के अलार्मना काही करावंच लागत नाही. लांडगा आला रे आला होतं मग. जो पंप सिरिंज संपायच्या अर्धा तास आधीपासून दर दोन मिनिटांनी पीं पीं करतो त्याचा आवाज पहिल्याच आठवड्यात कोणीतरी स्पीकरवर कापूस चिकटवून बंद करतं. मी पाहिलाय तो कापूस.

अंगाला काय त्रास होतो

एर्गोनॉमिक्स म्हटलं की लोकांना खुर्ची आठवते. इथे बघायचं ते असं: तीन पंप रचले की वरच्याची स्क्रीन कुठे येते, पाच फुटी सिस्टरला टाचा उंचावाव्या लागतात का, आणि सगळ्यात खालच्यासाठी कंबरेत वाकावं लागतं का. स्टँडला अडकवायचा स्क्रू एका हातानं फिरतो का, कारण दुसऱ्या हातात पंप असतो, दोन किलोच्या आसपास. ओल्या ग्लोव्हजनं फिरवून बघा. वायर मागे सरळ बाहेर येते की खाली वळते, सरळ आली तर बेड भिंतीला लावताना तीच तुटणार. पेशंटला सीटीला न्यायचाय असं सांगून तीन पंप स्टँडवरनं काढून ट्रॉलीवर लावायला सांगा, मधे औषध न थांबवता, आणि स्टँड ढकलत लिफ्टच्या फटीवरनं नेऊन बघा. आमचा एक पंप याच फटीत पडला. वॉरंटीत बसत नाही म्हणाले.

दिवे बारीक केल्यावर उलटा प्रश्न येतो, काही स्क्रीन इतक्या झगझगीत असतात की पेशंट झोपत नाही आणि नातेवाईक त्यावर टॉवेल टाकतात. टॉवेल टाकलेला पंप म्हणजे आंधळा पंप.

मावशींची टेस्ट

ही कोणीच करत नाही. पंपावर डेक्स्ट्रोज सांडा, वाळू द्या, आणि मावशींना रोजच्या फडक्यानं, रोजच्या लिक्विडनं पुसायला सांगा. फटी किती, क्लिपच्या खाली बोट जातं का, पुसताना बटण दाबलं जाऊन चालू पंप थांबतो का. आमच्या मावशींनी एका पंपाकडे बघूनच सांगितलं, "सर, याच्या कडेला चिकट बसणार, हे निघायचं नाही बघा." सहा महिन्यांनी दुसऱ्या हॉस्पिटलातल्या मित्राकडे तोच पंप पाहिला. निघालं नव्हतं. कुठलं लिक्विड चालतं हे मॅन्युअलमधनं आधी तपासा, काहींचं प्लॅस्टिक रोज स्पिरिट लावलं की तडकतं.

मार्क कसे द्यायचे

शेवटी फॉर्म भरून घेतो, एसयूएस म्हणून दहा प्रश्नांचा आहे, जॉन ब्रूक नावाच्या माणसानं १९८६ मध्ये केलेला, ० ते १०० मार्क निघतात आणि ६८ च्या आसपास सरासरी धरतात. मराठीत करून घ्या, इंग्लिश असला तर सगळ्या मधलाच रकाना भरतात. पण फॉर्मवर मी निर्णय घेत नाही, सिस्टर लोक भिडस्त, कंपनीचा मुलगा गोड बोलून गेलेला असतो, मार्क चांगलेच पडतात.

माझ्या वहीत तीन रकाने आहेत. अडली (पण शेवटी जमलं). चुकली आणि तिचं तिलाच कळलं. चुकली आणि कळलंच नाही. पहिल्या रकान्यात दहा रेघा असल्या तरी चालेल, ट्रेनिंगनं जातं ते. तिसऱ्या रकान्यात रेट किंवा डोसची एक जरी रेघ आली तर तो पंप माझ्याकडून बाद, मग तो कितीही स्वस्त असो.

यावर वरून प्रश्न येणारच, "एल-वन (सगळ्यात कमी भाव देणारा) सोडून महागडा का?" तेव्हा वही कामाला येते, मोबाईलवरचा व्हिडिओ त्याहून (फक्त हात आणि स्क्रीन, चेहरा नको, आणि सिस्टरना विचारून). आमच्या साहेबांना मी तो २५ वाला व्हिडिओ दाखवला, त्यांनी दोनदा पाहिला आणि ड्रग लायब्ररीची किंमत विचारली. आकडा हवा असेल तर हा सांगा, अमेरिकेत २००५ ते २००९ या काळात इन्फ्युजन पंपांबद्दल एफडीएकडे सुमारे ५६ हजार तक्रारी आल्या आणि ८७ रिकॉल झाले. कंपनी म्हणेल आमच्याकडे आयईसी ६२३६६ (उपकरणांच्या वापरसोयीचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड) आहे. चांगलंय, मागून घ्या कागद, त्याचा अर्थ कंपनीनं वापराचा विचार करायची एक ठरलेली पद्धत पाळली. तुमच्या लिफ्टच्या फटीचा विचार त्यात नसतो. आणि पीओच्या (खरेदीच्या ऑर्डरच्या) आधी सात दिवस ट्रायल ही अट लेखी घाला, तोंडी ठरलेली ट्रायल दोन तासांत गुंडाळतात.

घेतल्यावर महिन्याभरानं परत एकदा फोटो काढत फिरा. वापरताना पेशंटला इजा झाली किंवा होता होता वाचली तर नुसतं कंपनीला फोन करून थांबू नका, मटेरियोव्हिजिलन्सचा (उपकरणांमुळे झालेल्या त्रासाची नोंद ठेवायचा) फॉर्म भरा, २०१५ पासून गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे तो कार्यक्रम आहे, आणि सिस्टर किंवा टेक्निशियनही तो भरू शकतात, डॉक्टरच पाहिजे असं नाही.

आमच्या नव्या पंपांवर महिन्याभरात एकच पट्टी आली, "ही पिन काढू नये". वाचली, मग विचारलं. ती पंपासाठी नव्हतीच, रात्री मोबाईल चार्जिंगला लावायला जे पंपाची पिन काढतात त्यांच्यासाठी होती. आता प्रत्येक बेडला एक जास्तीचा सॉकेट मागितलाय, कोटेशन आलंय, सही बाकी आहे.